घरासाठी एलईडी बल्ब निवडताना वॅटशिवाय आणखी काय पाहावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

मिरजेजवळच्या गावात आमचे जुने कौलारू, दोन मजली घर आहे. तेथे आई-वडील दोघेच राहतात आणि यंदा दिवाळीपूर्वी रंगकाम होईल तेव्हा घरातील सगळे दिवेही बदलून घ्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. सध्या सोप्यात आणि माजघरात चोकच्या ४० वॅटच्या ट्यूब आहेत, स्वयंपाकघरात ९ वॅटचा एकच एलईडी बल्ब आहे, देवघरात झीरोचा बल्ब आहे, आणि दारावर व जिन्यात वेळोवेळी मिळाले ते बल्ब लावलेले आहेत.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे आईला संध्याकाळी तांदळातला खडा दिसत नाही, आणि फोडणीतले तिखट करपले की नुसते परतले गेले, हे रंगावरून समजत नाही, असे ती म्हणते. दुसरी अशी की दारावरच्या बंद काचेच्या गोळ्यात लावलेला बल्ब वर्षभरही टिकत नाही. तोच बल्ब माजघरात लावला तर चांगला चालतो. तिसरी अडचण जिन्यातल्या बल्बची आहे. बटण बंद केल्यावरही तो रात्रभर मिणमिणत राहतो, आणि कधी कधी मध्येच लुकलुकतो.

दुकानात गेल्यावर ‘किती वॅटचा देऊ?’ आणि ‘पांढरा की पिवळा?’ यापलीकडे कोणी काही विचारत नाही, आणि किंमत मात्र पन्नास रुपयांपासून तीन-चारशे रुपयांपर्यंत कितीही असते. हा फरक कशाचा असतो आणि खोक्यावरचे नेमके काय वाचून बल्ब घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.


प्रतिसाद १ : लख्ख

‘किती वॅटचा?’ हा प्रश्न तारेच्या बल्बच्या काळातला आहे. त्या बल्बमध्ये सर्वच कंपन्यांची तार जवळपास सारखीच तापत असे, त्यामुळे ६० वॅट म्हटले की उजेड सुमारे ७०० ल्युमेन असणार हे निराळे सांगावे लागत नसे. एलईडीच्या बाबतीत हे उरलेले नाही. वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज आणि ल्युमेन म्हणजे तो देतो तो उजेड. ९ वॅटच्या एका बल्बवर ७२० ल्युमेन छापलेले असतात, तर त्याच फळीवरच्या दुसऱ्या ९ वॅटच्या बल्बवर ९५० असतात. म्हणून खोक्यावर आधी ल्युमेनचा आकडा शोधावा, आणि तो छापलेलाच नसेल तर खोका परत फळीवर ठेवावा.

खोलीला किती ल्युमेन लागतील याचा ढोबळ हिशेब घरीच करता येतो. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की त्याला एक लक्स म्हणतात. आपले स्वयंपाकघर दहा बाय बारा फुटांचे धरले तर ते साधारण ११ चौरस मीटर भरते. तेथे नुसते वावरण्यासाठी १५० लक्स धरले तरी सुमारे १,६५० ल्युमेन कामाच्या जागेपर्यंत पोहोचायला हवेत. परंतु दिव्यातून निघालेला सगळाच उजेड खाली येत नाही. पांढऱ्या गिलाव्याचे छत असेल तर त्यातला बराचसा परत फिरतो, पण कौलारू घरात वासे, रिपा आणि कौले तो गिळून टाकतात, म्हणून निम्माच हाती लागतो असे धरून चालावे. म्हणजे गरज झाली ३,३०० ल्युमेनची, आणि आपल्या ९ वॅटच्या बल्बकडून मिळतात आठशे-नऊशे. आईंना खडा दिसत नाही यात त्यांच्या डोळ्यांचा फारसा दोष नाही.

सोप्यात आणि माजघरात जुन्या ट्यूबच्या जागी २० वॅटच्या, ट्यूबसारख्याच लांब एलईडी पट्ट्या लावाव्यात. अशी पट्टी साधारण २,००० ल्युमेन देते. जुन्या ट्यूबला चोकसह ५० वॅटच्या वर वीज लागते, त्यामुळे रोज सहा तास धरले तर एका पट्टीमागे वर्षाला पासष्ट-सत्तर युनिटांची बचत होते. स्वयंपाकघरातही मधोमध अशीच एक पट्टी हवी आणि ओट्यासाठी वेगळा दिवा हवा. देवघरातला झीरोचा बल्बही बदलून टाकावा. नाव झीरोचे असले तरी तारेचा तसा बल्ब १२ ते १५ वॅट खातो, आणि त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो.

आता तारांकनाविषयी. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे हे एका वॅटमागे किती ल्युमेन मिळतात यावर ठरतात. ते पाहावेत, पण त्यासाठी जीव टाकू नये. समजा ७२० ल्युमेन देणारा एक बल्ब ९ वॅट घेतो आणि तेवढाच उजेड देणारा दुसरा साडेसहा वॅट घेतो. रोज पाच तास लावला तरी दोघांमधला फरक वर्षाला पाच युनिटेही होत नाही. तारेच्या बल्बवरून एलईडीवर येतानाच मोठी बचत झालेली असते. त्यापुढे पैसे मोजायचे ते उजेडाच्या गुणवत्तेसाठी आणि टिकाऊपणासाठी.

एक गोष्ट मात्र टाळू नये. खोक्यावर आणि बल्बवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते, आणि ते खोक्यावरच्या नावाशी जुळते की नाही हे दुकानातच उभ्या उभ्या पाहता येते. रस्त्यावर ढिगात मिळणाऱ्या बल्बवर बहुधा यांतले काहीच नसते.


प्रतिसाद २ : टेस्टर

वायरिंगचे काम करतो, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीबद्दल लिहितो.

दारावरचा बल्ब का जातो याचे उत्तर आपल्या प्रश्नातच आहे : बंद काचेचा गोळा. एलईडी बल्ब हाताला तारेच्या बल्बइतका चटका देत नाही, म्हणून तो तापत नाही असा समज असतो. प्रत्यक्षात त्याला मिळालेल्या विजेतली निम्म्याहून अधिक उष्णताच होते, फक्त ती उजेडाबरोबर समोर फेकली न जाता बल्बच्या बुडाशी साठते आणि बाहेरच्या हवेवाटे निघून जावी लागते. गोळ्यात हवाच कोंडलेली असली की ती जाणार कोठे? मेलेला बल्ब उघडून पाहिला तर एलईडीचे पिवळे ठिपके बहुतेक वेळा शाबूत असतात आणि आतल्या छोट्या सर्किटमधल्या कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचे, डोके फुगलेले दिसते. या कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तेव्हा त्या गोळ्यात ९ वॅटऐवजी ५ वॅटचा बल्ब लावावा, किंवा गोळा काढून खालून उघडी असलेली शेड बसवावी. काही बल्बच्या खोक्यावर ‘बंद शेडमध्ये वापरू नये’ असे बारीक अक्षरात लिहिलेलेही असते. ते कोणी वाचत नाही.

याच कारणाने ‘२५,००० तास’ या आकड्यावर माझा फार भरवसा नाही. रोज पाच तासांच्या हिशेबाने ती तेरा वर्षांहून अधिक भरतात, आणि त्याच खोक्यावर हमी मात्र एक-दोन वर्षांचीच असते. शिवाय तो आकडा बहुधा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. आतले सर्किट किती टिकेल हे त्यात धरलेले नसते. हमीचा काळ पाहावा, आणि दुकानदाराकडून खोक्यावर तारीख व शिक्का घेऊन ठेवावा.

गावाकडे आणखी एक पाहावे लागते, ते म्हणजे व्होल्टेज. शेतीपंप बंद झाले की रात्री दाब चढतो, आणि खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ढिला असेल तर विचारूच नका. खोक्यावर चालण्याची मर्यादा छापलेली असते. ‘२२०-२४०’ असे लिहिलेला बल्ब आपल्या गावासाठी घेऊ नये, ‘१००-३००’ असे लिहिलेला घ्यावा, आणि विजेच्या झटक्यापासून संरक्षण ४ केव्हीचे (किलोव्होल्टचे) असेल तर अधिक चांगले. स्वस्त आणि महाग बल्बमधला मोठा फरक याच सर्किटचा असतो. स्वस्तातल्या बल्बमध्ये सगळे भाग ठिपक्यांच्याच पाटीवर चिकटवलेले असतात, ते दाबाबरोबर तापतात आणि दाब हलला की उजेडही हलतो. चांगल्या बल्बमध्ये निराळे सर्किट असते आणि ते प्रवाह एकसारखा ठेवते.

जिन्यातल्या मिणमिणण्याची दोन-तीन कारणे असू शकतात. बटणात लाल सूचक दिवा असेल तर त्यातून जाणारा बारीकसा प्रवाह बल्बमधून वाट काढतो. तारेच्या बल्बला तो जाणवतही नसे, एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. सूचक नसेल तर बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर असण्याची शक्यता आहे, जुन्या घरांत हे सर्रास आढळते. जिन्यात खाली-वर दोन बटणे असतील तर त्यांच्यामधल्या लांब समांतर तारांमुळेही थोडा प्रवाह येतो. हा प्रवाह आतल्या कपॅसिटरमध्ये हळूहळू साठतो आणि पुरेसा साठला की बल्ब एकदा चमकतो, ते आपण पाहता ते लुकलुकणे.

वायरमनला बोलावून बटण बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर लावून पाहायला सांगावे. तो ठळक पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे असे धरावे आणि ते आधी फेजवर घ्यावे. हे काम बल्बसाठी म्हणून नव्हे, तर सुरक्षिततेसाठी करायचे आहे, कारण अशा होल्डरमध्ये बटण बंद असतानाही फेज जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याचा हात त्यालाच लागतो. बटण फेजवरच असेल आणि कारण समांतर तारांचे निघाले, तर होल्डरजवळ एक छोटा कपॅसिटर जोडून ते थांबवता येते. तोवर बल्ब बदलायचा झाल्यास मेन स्विच पाडूनच बदलावा.


प्रतिसाद ३ : काठपदर

माझे साड्यांचे दुकान आहे आणि उजेडाचा विचार मला रोज करावा लागतो, कारण गिऱ्हाईक दुकानात घेतलेला रंग दारात उन्हात नेऊन पाहते आणि तो निराळा दिसला तर साडी परत येते.

आईंच्या तिखटाच्या तक्रारीवर केवळ ल्युमेन वाढवून पूर्ण उत्तर मिळणार नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर भुकटीचा थर दिलेला असतो, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरे भासते. (हा निळा एलईडी साधला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त बल्बच्या या उजेडात लाल रंगाचा अंश फार थोडा असतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो वस्तूवरून परत कसा येणार? त्यामुळे तिखट विटकरी दिसते, टोमॅटो शिळा वाटतो, आणि आमच्याकडची कुंकवी साडी चॉकलेटी दिसते.

यासाठी सीआरआय नावाचा आकडा पाहावा. सूर्यप्रकाशात किंवा तारेच्या बल्बखाली रंग जसे दिसतात त्याच्या किती जवळ ते दिसतील, हे तो शंभरपैकी सांगतो. बाजारातले बहुतेक बल्ब ८०च्या आसपास असतात. स्वयंपाकघरासाठी आणि कपड्यांच्या कपाटासमोर ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचा घ्यावा. त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत येतच नाही. गडद लालसाठी ‘आर९’ नावाचा वेगळा आकडा असतो, आणि सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर९ शून्याच्या जवळपासही असू शकतो. घरगुती बल्बच्या खोक्यावर आर९ सहसा छापत नाहीत, परंतु सीआरआय ९०च्या वर गेला की लालही बराच सुधारतो.

दुकानात आकडा सापडला नाही तर मी करतो ते करून पाहावे. घरून लाल तिखटाची पुडी आणि हळदीची पुडी न्यावी, दुकानदाराला दोन बल्ब शेजारी शेजारी लावायला सांगावेत आणि पुड्या त्यांच्याखाली उघडाव्यात. आपला हातही खाली धरावा. तळहात राखाडी, आजारी दिसला तर तो बल्ब घरात आणू नये. दुकानदार थोडा हसेल, पण नकार देणार नाही.


प्रतिसाद ४ : सत्तरीपार

वरचे तिन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण पांढरा की पिवळा हा प्रश्न राहून गेला. खोक्यावर तो केल्विनमध्ये लिहिलेला असतो : २,७०० किंवा ३,००० म्हणजे तारेच्या बल्बसारखा पिवळसर, ४,००० म्हणजे मधला, आणि ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि एलईडी बल्ब घरोघर पोहोचला. २०१४मध्ये अशा बल्बच्या सरकारी खरेदीचा भाव तीनशे रुपयांच्या वर होता, तो २०१६पर्यंत चाळीसच्या खाली आला, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र तेव्हापासून एलईडी म्हणजे लख्ख पांढराच, अशी आपल्याकडे समजूत होऊन बसली आहे.

हल्ली याच्या उलट टोकही दिसते. शहरातले सजावटकार सरसकट ३,००० केल्विन लावतात आणि म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचता येईनासे होते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडते. आधीच पिवळ्या भिंगातून पिवळाच उजेड, तोही कमी ल्युमेनचा, याचा आम्हाला उपयोग नाही. माझे मत असे आहे की आई-वडिलांच्या माजघरात, स्वयंपाकघरात आणि वडील जेथे वाचत बसतात तेथे ४,००० केल्विन असावा, आणि निजायच्या खोलीत, देवघरात ३,००० पुरे. रात्री निळसर उजेडात झोप लांबते हेही खरे आहे. दारावर मात्र पिवळाच लावावा. पावसाळ्यात पाखरे त्यावर कमी येतात आणि पाखरांमागे येणाऱ्या पालीही.

आणखी एक विनंती. उघडे, डोळ्यांत घुसणारे बल्ब नकोत. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड अधिक लागतो आणि तिरीप सोसत नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच असतात. दुधी आवरणाचे दिवे घ्यावेत आणि बसल्या जागेवरून तो थेट दिसणार नाही अशा बेताने लावावेत.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. वडिलांनी आज वायरमनला बोलावून जिन्यात टेस्टर लावला. बटण न्यूट्रलवरच निघाले, आणि ते उद्या फेजवर घेतले जाणार आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पट्टीखाली पंखा फिरताना त्याची पाती थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसतात, तो दोष ट्यूबचा होता की एलईडीतही येतो? आणि वीज गेल्यावर आपोआप चालू राहणारे बॅटरीचे बल्ब मिळतात, ते घ्यावेत का?


प्रतिसाद ५ : लख्ख

एलईडीतही येतो, आणि बल्बगणिक कमीअधिक असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे साध्या सर्किटचा बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. दुकानात तपासायचे असेल तर मोबाइलवर संथगती चित्रण लावून कॅमेरा बल्बकडे धरावा. उजेड धडधडताना दिसला तर तो नको. मोबाइल नसला तर बल्बखाली पेन्सिल जोरात हलवावी. तिची अखंड पुसट छाया दिसली तर बल्ब चांगला, आणि सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो ठेवून द्यावा.


प्रतिसाद ६ : टेस्टर

बॅटरीचा बल्ब एखादा घ्यावा, तोही जिन्यात किंवा न्हाणीघराच्या वाटेवर, जेथे अंधारात पडण्याची भीती असते. त्याचे बटण कायम चालू ठेवावे लागते, नाहीतर आतली बॅटरी भरत नाही आणि वीज गेल्यावर तो पेटतही नाही, हे आई-वडिलांना नीट समजावून सांगावे. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. सगळ्या घरात हेच बल्ब लावण्यापेक्षा छोटा इन्व्हर्टर बरा.

होल्डरबद्दलही सांगतो. आपल्याकडचे जुने होल्डर पिनेचे, म्हणजे बी२२ असतात. चांगल्या सीआरआयचे बल्ब पुष्कळदा आट्यांचे, म्हणजे ई२७ मिळतात. होल्डर बदलायला फार खर्च नाही, रंगकामाच्या आधीच बदलून घ्यावेत.

आणि ओट्याचा दिवा कोठे लावणार, हे रंगारी येण्यापूर्वी ठरवा. बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा खोलीच्या मधोमध असतो आणि ओटा भिंतीला असतो, त्यामुळे काम करणाऱ्या बाईची सावली नेमकी चिरायच्या पाटावर आणि कढईत पडते. तेथे कितीही ल्युमेनची पट्टी लावली तरी ती सावली हटत नाही. ओट्यावरच्या फडताळाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून दोन-तीन फुटांची ४,००० केल्विनची, ९० सीआरआयची पट्टी बसवावी, ती शेगडीच्या थेट वर येऊ देऊ नये, आणि तिचे बटण ओट्याच्या उजव्या हाताला, पाण्याच्या नळापासून दूर घ्यावे. वायर भिंतीतून न्यायची असेल तर झिरी आताच मारून घ्या, रंग झाल्यावर कोणी मारू देणार नाही.